जळगाव–पुणे विमानाचं अंतर नक्की किती आणि घरापासून घरापर्यंत खरा वेळ किती लागतो?

गिरणाकाठ

राम राम मंडळी. मी मूळ पाचोऱ्याचा, सध्या नोकरीमुळे पुण्यात खराडीला. आप्पांची अँजिओप्लास्टी झालीय आणि पुढच्या तपासण्या पुण्याला करायच्या ठरल्यात. डॉक्टर म्हणाले विमानाने आणायला हरकत नाही पण आठ-नऊ तास एका जागी बसवू नका, म्हणून जळगाव–पुणे विमानाचा विचार चाललाय. आता नेटवर अंतर बघायला गेलो तर एका ठिकाणी ३१९ दिसतं, दुसरीकडे १९८, तिसरीकडे १७२. वेळेचंही तसंच, एक साइट म्हणते ५४ मिनिटं आणि तिकिटाच्या पानावर मात्र तासाच्या वर दिसतं. आप्पांना नेमकं काय सांगू ते कळेना, ते प्रत्येक गोष्ट विचारून घेतात आणि आत्ता त्यांना कसलीच काळजी द्यायची नाहीये. कुणाला खात्रीचं माहीत असेल तर सांगा, आणि पाचोऱ्यातून निघाल्यापासून खराडीच्या घरी पोहोचेपर्यंत एकूण किती धरू तेही सांगा.

भुसावळ_जंक्शन

भो, तिन्ही आकडे बरोबर आहेत, घाबरू नको. ३१९ हे किलोमीटर, १९८ हे मैल आणि १७२ हे नॉटिकल मैल. साधा मैल १.६०९ किमीचा, नॉटिकल मैल १.८५२ किमीचा. करून बघ, १७२ गुणिले १.८५२ म्हणजे ३१८ च्या पुढेच येतं. विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात आणि परदेशी साइट मैल दाखवतात, बस एवढंच. जळगावच्या विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत सरळ रेघ मारली तर ३२० किमी धर आणि आप्पांना तेच सांग.

आकाशवाट

बरीच वर्षं विमानांच्या देखभालीच्या कामात काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण अंतराचा प्रश्न एका ओळीत सुटतो पण वेळेचा सुटत नाही.

आधी ते ५४ मिनिटं कुठून आलं ते. अंतर काढून देणाऱ्या बऱ्याच साइट काय करतात, कुठलाही मार्ग असो, विमान ताशी ८०० किमीने उडतंय असं धरतात आणि टेकऑफ-लँडिंगचा म्हणून वर अर्धा तास टाकतात. ३२० किमीला ८०० च्या वेगाने २४ मिनिटं, अधिक ३०, झाले ५४. पण जळगावला येतं ते एटीआर ७२, पंख्याचं विमान. त्याचा वरचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास, आणि तोही मधल्या थोड्या टप्प्यातच मिळतो.

आता खरं गणित बघा. टेकऑफनंतर १६ हजार फुटांच्या आसपास चढायला साधारण १५ मिनिटं जातात आणि तेवढ्यात ९० किमी मागे पडलेले असतात. उतरताना दर हजार फुटांना ३ नॉटिकल मैल असा हिशोब पायलट मनात धरतात, म्हणजे १६ हजारवरून खाली यायला पुन्हा ९० किमीच्या आसपास आणि १४-१५ मिनिटं. ३२० मधून हे दोन्ही वजा केले की उरले १४०. तेवढेच सलग वेगात कापायचे, त्याला १६-१७ मिनिटं. मग पुण्याजवळ आल्यावर धावपट्टीच्या दिशेने वळून रांगेत यायला आणखी चार-पाच मिनिटं. सगळं मिळून हवेतला वेळ ५० मिनिटांच्या आत-बाहेर.

तिकिटावर जो वेळ असतो तो हवेतला नसतो. विमान उभ्या जागेवरून हललं तिथपासून पुण्याला उभ्या जागेवर थांबलं तिथपर्यंतचा तो वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. एसटीचा वेळ कसा स्टँडवर गाडी हलल्यापासून पुढच्या स्टँडवर लागेपर्यंत धरतात, मधे फाटकात थांबली तरी, तसंच. जळगावला विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणार, वळणार, परवानगी घेणार, पुण्यात उतरल्यावर पुन्हा जमिनीवरून हळूहळू उभ्या जागेपर्यंत जाणार, यात १०-१५ मिनिटं सहज जातात. म्हणून तास ते सव्वा तास हाच खरा आकडा. ५४ मिनिटं विसरा.

अजून दोन गोष्टी. सरळ रेघ ३२० ची असली तरी विमान अगदी रेघेवरून जात नाही, ठरलेले हवाई मार्ग असतात, ओझर (नाशिक) आणि लोहगावसारख्या लष्करी क्षेत्रांची बंधनं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्त कापलं जातं. आणि लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, सुखोई तिथेच असतात, धावपट्टी दोघांना मिळून एकच. त्यांचं उड्डाण चालू असलं की प्रवासी विमानाला हवेत चक्कर मारत थांबावं लागतं. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेचा वारा असतो, पुण्याकडे जाताना तो समोरून लागतो आणि परत येताना मागून मिळतो, म्हणून येताना काही मिनिटं कमी लागली तर आश्चर्य वाटू देऊ नका.

केळीबाग_रावेर

छान समजावलंत दादा. एक विचारायचं होतं, मोठं जेट विमान का आणत नाहीत जळगावला? ताशी ८०० ने आलं तर वेळ वाचेल ना? आमच्याकडचे लोक कायम म्हणतात की आपल्याला पंख्याचं विमान देऊन बोळवण केली.

आकाशवाट

हा समज खूप जणांचा आहे आणि तो मनापासून दूर व्हावा असं मला वाटतं. एवढ्या छोट्या अंतरावर जेटला त्याचा वेग गाठायला जागाच मिळत नाही. शिवाय १० हजार फुटांखाली सगळ्यांनाच २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किमी. वर पोहोचेपर्यंत उतरायची वेळ येते. फार तर आठ-दहा मिनिटं वाचतील आणि इंधन मात्र कितीतरी जास्त जळेल. ३००-४०० किमीच्या टप्प्यासाठी एटीआर हेच योग्य विमान आहे. जगभर अशा मार्गांवर हेच चालतं, ते कमी दर्जाचं मुळीच नाही.

दुसरं, जळगावची धावपट्टी एटीआरसारख्या विमानांना पुरते. एअरबस-बोइंग भरल्या विमानाने नियमित चालवायला जास्त लांबी लागते. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो हे सगळ्यांना माहितीय. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, मग तेवढ्याच वजनाला जास्त धावावं लागतं. अशा वेळी कंपनीला कधीकधी वजन कमी ठेवावं लागतं, सामान किंवा सीटा कमी घ्याव्या लागतात. हे एटीआरलाही लागू आहे. म्हणून उन्हाळ्यात ज्येष्ठांना घेऊन जायचं तर भर दुपारची वेळ टाळता आली तर टाळा, डांबरावर चालत विमानापर्यंत जावं लागतं हेही लक्षात घ्या.

भुसावळ_जंक्शन

आता रेल्वेचं मी सांगतो. जळगावहून पुण्याला गाडीने दोन वाटा. एक मनमाड, नगर, दौंड करून, ती साधारण ४७० किमी. महाराष्ट्र एक्स्प्रेस, आझाद हिंद ह्या त्या वाटेच्या. दुसरी नाशिक-कल्याण करून बोरघाटातून, ती ५०० च्या पुढे जाते. रस्त्याने अजिंठा घाट, सिल्लोड, संभाजीनगर, नगर असं ४०० च्या आसपास. म्हणजे आकाशातून ३२०, रस्त्याने ४०० आणि रुळावरून ४७०. ह्या तीन आकड्यांत आपल्या भागाचं दुखणं दिसतं. खान्देशची मुख्य रेल्वे पूर्व-पश्चिम धावते, मुंबई-हावडा आणि सुरत-भुसावळ. दक्षिणेला जायचं म्हटलं की मनमाडला जाऊन वळा. सातमाळा-अजिंठ्याची रांग मधे उभी आहे, आणि ती ओलांडायची म्हणजे कन्नडचा नाहीतर अजिंठ्याचा घाट. विमान त्याच रांगेवरून सरळ जातं म्हणून पुण्याच्या बाबतीत फरक एवढा मोठा पडतो. मुंबईचं तसं नाही. जळगाव-मुंबई रेल्वेने ४२० आणि हवेतून ३५५, आणि रेल्वे थेट. तिथे रात्री बसून सकाळी उतरणाऱ्याला विमानाची एवढी गरज भासत नाही.

अमळनेरची_लेक

गिरणाकाठ दादा, मी आईला अशाच कारणाने पुण्याला नेलंय म्हणून घरापासून घरापर्यंतचं सांगते. पाचोरा ते जळगाव विमानतळ दीड तास धरा, विमानतळ शहराच्या पलीकडे नशिराबादच्या बाजूला, कुसुंब्याजवळ आहे, त्यामुळे पाचोऱ्याकडून येताना शहराची गर्दी लागते. विमानाच्या निदान सव्वा तास आधी पोहोचा. विमानतळ छोटा आहे, रांगा लांब नसतात, तपासणी पटकन होते, पण काउंटर वेळेवर बंद होतो आणि मग कुणी ऐकत नाही. विमानाचा सव्वा तास. लोहगावला उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास, आणि तुमचं खराडी म्हणजे अगदी जवळ, अजून अर्धा-पाऊण तास. बेरीज केली तर पाच तासांच्या आसपास होतं. ट्रॅव्हल्सने रात्रभर, स्वतःच्या गाडीने आठ तास, रेल्वेने त्याहून जास्त.

पण त्या पाच तासांत आप्पा सलग बसून राहणार ते फक्त दोनदा, एकदा गाडीत आणि एकदा विमानात, दोन्ही वेळा दीड तासाच्या आत. मधे उठता येतं, चालता येतं, पाणी पिता येतं, बाथरूमला जाता येतं. आजारी माणसासाठी एकूण किती तास यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. आईला गाडीने नेलं तेव्हा सिल्लोडच्या पुढे तिचे पाय सुजले होते, विमानाने नेलं तेव्हा ती उतरल्यावर स्वतः चालत बाहेर आली. म्हणून माझं म्हणणं, विमानाचा वार जुळत असेल तर दुसरा विचार करू नका.

हिंजवडीला किंवा वाकडला जाणाऱ्यांनी मात्र लोहगावनंतरचा दीड तास वेगळा धरावा.

बोरकाठ_शिरपूर

राम राम भाऊ. आमनं गाव शिरपूरजवळ शे. जळगावले जावाले दोन-अडीच तास लागतस, मंग इमान धरानं आन पुणाले उतरानं. पन इमान कोनता वारले शे हाई पहिले दखा!

बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो. धुळे-शिरपूरच्या लोकांना विमानाचं अंतर किती याने फरक पडत नाही, विमानतळ किती लांब याने पडतो. धुळ्याहून जळगाव ९५ किमीच्या आसपास आणि विमानतळ शहराच्या त्या टोकाला. नाशिकचा ओझर विमानतळ आग्रा रोडने सव्वाशे-दीडशेच्या मधे, पण रस्ता सलग आणि मोठा. मग धुळेकर पुण्याला जायला जळगावला उलटा पूर्वेला कशाला जाईल? तो चाळीसगाव किंवा मनमाडवरून गाडीने खाली उतरतो. आमच्याकडे धावपट्ट्या नाहीत असं नाही. धुळ्याला गोंदूरला आहे, शिरपूरजवळ तांडे गावाला आहे, पोरं तिथे विमान चालवायला शिकतात, दिवसभर डोक्यावर विमानं घिरट्या घालतात. प्रवासी विमान मात्र एकही नाही. खान्देश म्हटलं की लोक जळगाव धरतात, पण तीन जिल्हे आहेत हो, नंदुरबारचा विचार तर कुणीच करत नाही.

तापीकाठ

बोरकाठ भाऊंचं शंभर टक्के बरोबर. मी जळगावातच राहतो तरी सांगतो, आपल्याकडे अंतर आणि वेळ हा प्रश्न कधीच नव्हता, विमान टिकतं की नाही हाच प्रश्न होता. जुनं आठवून बघा. धावपट्टी १९७३ ची, सार्वजनिक बांधकाम खात्याची. पुढे ती नगरपालिकेकडे, मग विमानतळ विकास कंपनीकडे गेली. २०१० मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांच्या हस्ते नव्या कामाची पायाभरणी झाली, २०१२ च्या मार्चमध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. आणि नियमित विमान कधी आलं? डिसेंबर २०१७ ला, छोटी शहरं स्वस्तात विमानाने जोडायच्या सरकारी उडान योजनेतून, मुंबईला, एअर डेक्कनचं, १९ सीटांचं छोटं बीचक्राफ्ट. पाच वर्षं तयार टर्मिनल नुसतं उभं होतं. ती सेवा टिकली नाही. २०१९ ला ट्रूजेटचं एटीआर आलं, मुंबई आणि अहमदाबाद जोडलं गेलं, तेही पुढे बंद पडलं. मग २०२४ ला फ्लाय९१ ने गोवा, हैदराबाद, पुणे सुरू केलं आणि अलायन्स एअरने मुंबई. मधल्या काळात ज्यांनी विमान आहे म्हणून धंद्याची, दवाखान्याची, मुलांच्या शिक्षणाची गणितं मांडली त्यांचं काय झालं असेल?

सगळी अंतरं एकदा लिहून ठेवतो, पुढच्यांना कामी येतील, सरळ रेघेची आहेत आणि जवळपासची आहेत. जळगाव–मुंबई ३५५ किमी, पुणे ३२०, अहमदाबाद ३८५ ते ३९०, हैदराबाद ५०५, गोव्याचं मोपा ६०५. संभाजीनगर फक्त १२५ आणि इंदूर १९५, तिथे कुणी विमान चालवणार नाही, पण जळगावला हवामानामुळे उतरता आलं नाही तर संभाजीनगर हा जवळचा आधार आहे. म्हणजे आपण देशाच्या मधोमध बसलोय, चहूबाजूंची मोठी शहरं तास-दीड तासावर. यापेक्षा चांगली जागा कुठल्या विमानतळाला मिळेल? तरी आठवड्यात रोज विमान मिळेल याची खात्री नाही. विमान आठवड्यातून दोन-तीन दिवसच असेल तर तो सव्वा तास कागदावर राहतो, कारण बुधवारचं काम असलेला माणूस सोमवारी जाऊन शुक्रवारपर्यंत पुण्यात राहू शकत नाही. रोजचं विमान, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे.

मुंबईच्या बाबतीत अडचण स्लॉटची होती, तिथल्या धावपट्टीवर छोट्या विमानाला सोयीची वेळ मिळत नाही, मग अडनिड्या वेळी विमान आलं की प्रवासी मिळत नाहीत. आता ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालंय, जळगावहून ते उलट दहा किमी जवळच पडतं, तिथे जळगावला चांगली वेळ मागायला हवी.

नियमवाला

वर तापीकाठ यांनी उडानचा विषय काढला म्हणून यात भर घालतो. अंतर आणि वेळ हे दोन आकडे नुसते माहितीचे नाहीत, त्यावर पैसे ठरतात.

अंतरावर ठरतं भाडं. उडान सुरू झाली तेव्हा साधारण ५०० किमीच्या, तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये अशी मर्यादा ठेवली होती, आणि प्रत्येक मार्गाची मर्यादा त्या टप्प्याच्या किलोमीटरवर लावली होती. विमानातल्या ठराविक सीटांनाच ती असते, बाकीच्या सीटांचं भाडं मागणीप्रमाणे चढतं, म्हणून शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांनी वेगळे पैसे दिलेले असतात. आणि सरकार कंपनीला तोटा भरून देतं तो ३ वर्षं. ती मुदत संपायच्या आत मार्गाला स्वतःचे प्रवासी मिळाले नाहीत तर कंपनी निघून जाते, देशभर हेच झालंय. तापीकाठ, तुमच्या मागणीबरोबर हेही लोकांना सांगा की परवडतंय त्यांनी विमान वापरलं पाहिजे.

ब्लॉक टाइमवर ठरते भरपाई. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम असा की कंपनीने विमान रद्द केलं आणि २४ तास आधी कळवलं नाही, तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, आणि त्यावर भरपाई. ब्लॉक टाइम १ तासापर्यंत असेल तर ५००० रुपये, १ ते २ तास असेल तर ७५००, त्याहून जास्त असेल तर १००००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे आकाशवाट यांनी सांगितलेला तास आणि सव्वा तासातला फरक इथे कामाला येतो, जळगाव–पुणे दुसऱ्या गटात बसतं. हवामान, सुरक्षा, हवाई वाहतूक नियंत्रण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नसते, पैसे परत मिळतातच. आणि अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमचं विमान २ तास लेट झालं तर चहापाणी-जेवण द्यावं लागतं, ते हक्काने मागा. बुकिंग करताना मोबाईल नंबर प्रवाशाचा किंवा मुलाचा टाका, एजंटचा नको, नाहीतर रद्द झाल्याचा मेसेज त्याच्याकडे पडून राहतो आणि कंपनी म्हणते आम्ही कळवलं होतं.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं व्यवस्थित कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. तपासणीची तारीखच विमानाच्या वाराप्रमाणे मागून घेतली, दवाखान्याने लगेच दिली. आप्पांना ३२० किमी, विमानात सव्वा तास आणि घर ते घर पाच तास असं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, वाटेत खाली कोणकोणती गावं लागतील? दुसरं, व्हीलचेअर मागितली तर विमानात चढताना काय करतात, एटीआरला शिडी असते ना?

अमळनेरची_लेक

व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागा, आणि निदान ४८ तास आधी कंपनीला फोन करून पक्कं करा. एटीआरचं दार मागच्या बाजूला असतं आणि दारातच चार-पाच पायऱ्यांची शिडी उघडते, मोठ्या विमानासारखा उंच जिना नसतो. आप्पांना पाच पायऱ्या चढवत असतील तर तसं सांगा, अजिबात चढता येत नसेल तर तेही आधीच सांगा म्हणजे ते त्यांची सोय करतात. दार मागे असल्यामुळे मागची सीट घ्या, कमी चालावं लागतं, शिवाय पंखे पुढच्या-मधल्या भागाला जवळ असतात तिथे आवाज जास्त येतो. डोक्यावरचे कप्पे लहान असतात, ट्रॉली बॅग खाली द्या, पण औषधं, रिपोर्ट आणि डॉक्टरांची विमानाने जायला हरकत नसल्याची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. कानात कापूस आणि खिशात चार खडीसाखरेचे खडे, उतरताना कानांना दडे बसले की कामी येतात.

आकाशवाट

गावांचं सांगतो. सरळ रेघ पकडली तर जळगाव सोडल्यावर अजिंठ्याची रांग, मग कन्नड जवळजवळ रेघेखालीच येतं, पुढे वैजापूरच्या थोडं पूर्वेला, गोदावरी ओलांडली की श्रीरामपूर, मग राहुरी डाव्या हाताला, पारनेर-शिरूरच्या पश्चिमेने लोहगाव. पंख वर असतात त्यामुळे कुठल्याही खिडकीतून खालचं मोकळं दिसतं. डाव्या खिडकीशी बसवा, हवा स्वच्छ असेल तर जायकवाडीचं पाणी लांबवर चमकताना दिसेल. पावसाळ्यात जात असाल तर ढगात थोडे हिसके बसतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की हे नेहमीचं आहे आणि पट्टा बांधूनच बसा.

तापीकाठ

गिरणाकाठ, आप्पांना आमचा नमस्कार सांगा. आणि गेल्यावर विमानात किती सीटा भरल्या होत्या तेवढं इथे लिहा, मागणीचं पत्र करतोय त्यात प्रवाशांचे अनुभव जोडायचेत.

शहादेकर

उशिरा वाचतोय. आमच्या शहादा-तळोद्याच्या माणसाने काय करावं? मुलगी पुण्यात शिकायला आहे आणि भाऊ बंगळूरला.

बोरकाठ_शिरपूर

भाऊ, बंगळूरला जायचं तर सुरत आणि इंदूर दोन्ही बघा, ज्या दिवशी थेट विमान मिळेल ते घ्या, जळगावच्या भानगडीत पडू नका. पुण्यासाठी मात्र सुरतला उलटं जाऊ नका. शहाद्याहून जळगावला निदान साडेतीन तास, पुढे विमानतळावरचा वेळ आणि पुण्यातली गर्दी, सात-आठ तास होतातच. मुलगी एकटी येणार असेल तर रात्रीची थेट ट्रॅव्हल्स शहाद्यातच उतरवते. म्हातारं माणूस असेल आणि विमानाचा वार जुळत असेल तरच आदल्या दिवशी जळगावला नातेवाइकांकडे मुक्काम करून सकाळी निघा.